अनुभवाचा दाखला पाऊण लाखात

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका २७ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, स्वतःची लहान मासेमारी बोट. पत्रलेखक शाळेत असल्यापासून सुट्टीत आणि पुढे कॉलेजच्या काळातही हंगामात वडिलांबरोबर समुद्रावर जात आला. बी.कॉम. झाल्यावर पनवेलला एका मालवाहतूक कंपनीत नोकरी धरली, पण तिथं मन रमत नाही. गावी परतून पर्यटकांची बोट चालवायची, त्यासाठी आधी सारंगाचा (लहान बोटीच्या चालकाचा) आणि पुढे मास्टरचा (कॅप्टनचा) परवाना काढायचा, असा बेत आहे. चौकशी केल्यावर कळलं, की परीक्षेला बसायला जहाजावर केलेल्या नोकरीचा दाखला लागतो. तो त्याच्याकडे नाही. एक एजंट पाऊण लाखात एका बार्जवर (माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटीवर) काम केल्याचं पत्र मिळवून द्यायला तयार आहे. मामेभावानं असंच पत्र घेऊन परवाना काढला, त्याला दोन हंगाम झाले, सगळं सुरळीत आहे. वडील म्हणतात, "कागदानं बोट चालत नाही. पण मिळतोय तर घेऊन टाक." जिच्याशी लग्न ठरलं आहे ती मुलगी मात्र म्हणते, की असल्या कागदावर संसार नको. पत्राच्या शेवटी तो विचारतो: "मी खरंच खोटं बोलतोय का? समुद्रावर तर मी वाढलोय. फक्त बार्जचं नाव खोटं आहे. आणि या वयात, पदवी घेऊन, दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी म्हणून दोर ओढायला जाणं घरात कुणालाच बरं वाटत नाही. काय करू?"

प्रिय मित्रा,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. हो, ते खोटं आहे. तुम्ही ज्या बार्जवर पाऊल ठेवलं नाही, त्या बार्जवर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं असं सरकारी अधिकाऱ्याला सांगणार आहात. पकडले गेलात तर परवाना जाईल, गुन्हाही दाखल होऊ शकतो, आणि एजंट फोन उचलणार नाही. तुमच्या होणाऱ्या पत्नीला हे एका वाक्यात कळलं आहे, तेव्हा माझ्याकडून ते पुन्हा ऐकण्यासाठी तुम्ही चार पानांचं पत्र लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

मला जास्त विचार करायला लावलं ते "समुद्रावर तर मी वाढलोय" या तुमच्या शब्दांनी. ते खरं आहे आणि त्याची किंमत मोठी आहे. पण त्यात नक्की काय काय आहे, हे तुम्ही कधी मोजून पाहिलं आहे का?

जे आहे ते आधी बघू. चतुर्थी आहे म्हटल्यावर पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, हे तुम्हाला पंचांग उघडून बघावं लागत नसणार. तिथीची पाऊणपट करायची, हे किनाऱ्यावरच्या पोराला पाढ्यांसारखं येतं. आणि खाडीत आत गेलं की ती वेळ पुढं सरकते, हेही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ किती वाढते आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी कसं सुस्तावतं, हे अंगात असतं. पहाटेचा मतलई वारा कधी पडेल आणि दुपारी समुद्राकडून वारा कधी उठेल, खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा यंदा कुठं सरकला आहे, लाट कुठं फुटायला लागली की तिकडं जायचं नाही, हे सगळं तुम्हाला येत असणार. पुण्याहून पैसे घेऊन आलेला आणि स्पीडबोट विकत घेऊन पर्यटन सुरू करणारा माणूस हे पाच वर्षांत शिकला तरी नशीबवान म्हणायचा.

आता दुसरी बाजू. मासेमारी बोटीवर तुमच्याबरोबर कोण होतं? वडील, आणि समुद्र कळणारे चार खलाशी. बोट कलली तर प्रत्येकाला कुठं बसायचं ते सांगावं लागत नव्हतं. पर्यटकांच्या बोटीत चाळीस माणसं असतात, त्यातल्या पस्तीस जणांना पोहता येत नाही, आणि डॉल्फिनची पाठ दिसली की सगळी एकाच बाजूला मोबाइल घेऊन धावतात. दापोली, गुहागर, तारकर्ली, कुठंही बघा, हे दृश्य रोजचं आहे. त्या क्षणी वेग कमी करायचा, बोट कुठं वळवायची नाही, आणि आवाज किती चढवायचा, हे जाळी ओढताना शिकायला मिळत नाही. जंजिऱ्याच्या दरवाजासमोर लाटेवर वरखाली होणाऱ्या होडीतून आजीबाईंना पायरीवर उतरवणारी माणसं बघा. कोणत्या लाटेला "आता पाय टाका" म्हणायचं, हे त्यांचं वेगळंच शास्त्र आहे.

धक्क्याला लागणं घ्या. मासेमारी बोट तुम्ही बहुधा खाडीत नांगरता किंवा दुसऱ्या बोटीच्या अंगाला लावता. घासली तर घासली, फार तर शेजारचा नाखवा, म्हणजे बोटमालक, ओरडेल. प्रवासी बोट दिवसातून आठ वेळा जेटीला लावावी लागते, ओढ कुठूनही असो. शक्यतो ओढीला तोंड देऊन यायचं, म्हणजे बोट पाण्यातून चालत राहते, सुकाणू ऐकतं आणि तरी जेटीच्या तुलनेत ती जवळजवळ थांबलेली असते. बोटीला एकच पंखा (प्रोपेलर) असेल आणि तो पुढं जाताना उजवीकडं फिरणारा असेल, तर रिव्हर्स टाकल्यावर बोटीचा मागचा भाग डावीकडं सरकतो. ज्याला हे ठाऊक आहे तो डावी बाजू जेटीला लावतो आणि रिव्हर्सच्या एका धक्क्यात बोट अलगद चिकटवतो. ज्याला ठाऊक नाही तो तीनदा प्रयत्न करतो आणि खलाशाला शिव्या घालतो. हे पुस्तकात दोन ओळींत आहे. हाताला बसायला मात्र एक अख्खा हंगाम लागतो, आणि प्रत्येक बोटीला वेगळा.

आणखी एक प्रश्न विचारतो, थोडा बोचेल. गेल्या हंगामात तुमची बोट वारा बघून अर्ध्या वाटेतून परत फिरली असेल, तेव्हा फिरायचं कोणी ठरवलं? वडिलांनी. डिझेल जळालं, बर्फ वाया गेला, खलाशी कुरकुरले, ते कोणी ऐकून घेतलं? वडिलांनी. तुम्ही तिथं होता, सगळं पाहिलं, पण तो निर्णय तुमच्या डोक्यावर नव्हता. परवाना मिळाल्यावर पहिल्याच दिवशी तो तुमच्या डोक्यावर येतो. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलेला नाही, पण आभाळ तुम्हाला आवडत नाही. मुंबईहून आलेला पंचवीस जणांचा ग्रुप आगाऊ पैसे देऊन जेटीवर उभा आहे. शेजारची बोट निघाली आहे. तुम्ही काय कराल? वडिलांच्या शेजारी बसून घेतलेल्या अनुभवात ही एकच गोष्ट नाही. नेमकी तीच तर कॅप्टनकीची आहे.

म्हणून तुमच्या घरच्या वर्षांना मी कमी लेखत नाही, पण त्यांची आणि बार्जवरच्या नोकरीची अदलाबदल करता येत नाही. बार्जवर काय शिकायला मिळतं ते बघा. अंबा नदीतून धरमतरकडं कोळसा आणि खनिज घेऊन जाणारी भरलेली बार्ज तुम्ही लांबून पाहिली असेल. ती थांबायला किती अंतर घेते, भरतीची कोणती वेळ चुकली तर तिला तासन् तास खोळंबून राहावं लागतं, समोरून दुसरी येत असेल तर वळणावर आधी कोण जाणार, हे तिच्यावर काम करणाऱ्याला माहीत असतं. परीक्षेत समोर बसलेला अधिकारी सहसा स्वतः पाण्यावर उमेदवारी केलेला असतो. त्यानं सहज विचारलं, "त्या बार्जला रडर, म्हणजे सुकाणू, किती होते? धरमतरला कोणत्या बाजूनं लावायचात?" तर? आणि समजा नाहीच विचारलं. तुम्ही पास झालात. उद्या एखाद्या कंपनीनं तेच पत्र बघून तुम्हाला खरंच बार्जवर घेतलं तर?

आता कायद्याकडं येतो, थोडक्यात. खाड्या, नद्या आणि आखून दिलेल्या किनारी हद्दीत चालणाऱ्या बोटींसाठी १९१७ पासून एकच जुना कायदा होता. त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. आपल्याकडं या बोटींची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं, जे १९९६ साली स्थापन झालं. पायऱ्या ढोबळमानानं अशा: खलाशी, सुकाणी, सारंग, मग द्वितीय श्रेणी मास्टर, मग प्रथम श्रेणी. नव्या कायद्यातली तुमच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट ही, की एका राज्यात मिळालेला दाखला देशभर चालतो. म्हणजे खऱ्या नोकरीवर काढलेला परवाना तुम्हाला गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या क्रूझ बोटीवर, केरळच्या बॅकवॉटरमध्ये किंवा ब्रह्मपुत्रेवर काम देऊ शकतो. गोव्यात खाणी बंद पडल्यावर बार्जवरच्या कितीतरी लोकांचं काम गेलं, तेव्हा एका खाडीपुरता माणूस आणि कुठंही चालणारा दाखला असलेला माणूस यांतला फरक अनेकांना कळला. तुमचाही धंदा पावसाळ्यात बंद राहणार आहे. ते महिने हिशोबात धरा.

इथं एक अडचण मान्य करायला हवी, आणि तुमची चिडचिड मला समजते. मासेमारी बोटीवर वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या माणसाकडं त्याचा एकही लेखी पुरावा नसतो, आणि एखाद्या लाँचवर जेमतेम दिवस भरलेल्याकडं मालकाच्या शिक्क्याचं पत्र असतं. हे अन्यायाचं आहे. पण "दिवस मोजून दाखवा" हा हट्ट काही आपल्याच सरकारचा नाही. अमेरिकेत सहा प्रवाशांपर्यंतची बोट भाड्यानं चालवण्याचा परवाना कोस्ट गार्ड देतं, तिथंही पाण्यावरचे ३६० दिवस दाखवावे लागतात, आणि त्यातले ९० गेल्या तीन वर्षांतले लागतात. गंमत म्हणजे त्या परवान्यासाठी बोट चालवून दाखवावी लागत नाही, परीक्षा लेखी असते. म्हणजे हाताचं कसब तपासायला त्या दिवसांच्या नोंदीखेरीज त्यांच्याकडं काहीच नाही. ती नोंद खोटी असेल, तर त्या परवान्यात उरतं काय? तिथं स्वतःच्या बोटीवरचे दिवसही धरतात, मात्र बोट तुमची असल्याचे कागद जोडावे लागतात. आपल्याकडं तुमच्या वडिलांच्या बोटीवरचे दिवस किती धरले जातील, की नाहीच धरले जाणार, हे एजंटाला विचारू नका. बंदर कार्यालयाला विचारा. कसं, ते शेवटी सांगतो.

मामेभावाचं. दोन हंगाम काही झालं नाही, हे ऐकून आनंद झाला. पण ऑक्टोबर ते मे या काळात कोकणचा समुद्र बहुतेक दिवस इतका शहाण्यासारखा वागतो, की काही न होणं हेच साहजिक आहे. त्यातून मामेभावाचं कसब सिद्ध होत नाही. कसब लागतं ते दुसऱ्याची चूक तुमच्या अंगावर येते तेव्हा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची, इंजिनाच्या चाचणीला निघालेली स्पीडबोट ताबा सुटून येऊन आदळली. भर दुपारी, शांत समुद्रात. लहान मुलांसह अनेकांचे जीव गेले. प्रवासी बोट आपल्या नेहमीच्या वाटेनं चालली होती. अशा वेळी कोणती शिटी द्यायची, आदळणं टळत नसेल तर निदान कोणत्या बाजूनं घ्यायचं, लोकांना काय घालायला आणि काय धरायला सांगायचं, रेडिओवर संकटाच्या चॅनल १६ वर काय बोलायचं, याला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. त्या दिवशी जवळपासच्या बोटींनी धाव घेऊन पाण्यातली माणसं ओढून घेतली. बुडणाऱ्या माणसाजवळ बोट नेताना पंखा कधी थांबवायचा, हेही कुणीतरी कधीतरी हातानं केलेलं असावं लागतं. तुमच्या मामेभावानं लाइफ जॅकेट घालून, पाण्यात बाहुलं टाकून, ते उचलायचा सराव किती वेळा केला आहे, विचारून बघा. भांडायला म्हणून नको. तो तुमच्यासारखाच किनाऱ्यावरचा मुलगा आहे, त्यालाही शिकायला हवं आहे.

तुमच्या वडिलांच्या बोलण्यातला अर्धा भाग मला पटतो. कागदानं बोट चालत नाही. मात्र अपघातानंतर विमा कंपनी आणि पोलीस सगळ्यात आधी चालकाचा दाखला मागतात, आणि तेव्हा तो कागद खरा लागतो. शिवाय परीक्षेच्या अभ्यासात अशा काही गोष्टी आहेत, ज्या जुन्या तांडेलांनाही नीट ठाऊक नसतात, कारण आपल्या खाडीत त्यांची गरज पडली नव्हती. रात्री समोर हिरव्या दिव्याखाली पांढरा दिवा दिसला तर तो ट्रॉलर आहे, मागे ट्रॉल म्हणजे ओढायचं जाळं सोडलेलं आहे. लालखाली पांढरा असेल तर मासेमारी आहे पण ट्रॉल नाही. एक आखूड शिटी म्हणजे मी उजवीकडं वळतोय, दोन म्हणजे डावीकडं, तीन म्हणजे माझं इंजिन रिव्हर्सला आहे, आणि पाच झटपट शिट्या म्हणजे तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही. मुंबई बंदराच्या जहाजवाटेत एखादं मोठं जहाज तुमच्याकडं बघून पाच शिट्या देत असेल, तर तो नमस्कार नव्हे. बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) डाव्या हाताला ठेवायचा, हे आपल्याकडं, अमेरिकेत उलट. तुमचे वडील मोठ्या जहाजापासून लांब राहतात ते अनुभवानं, आणि ते बरोबरच करतात. तुम्ही मात्र अनोळखी बंदरात, रात्री, चाळीस माणसं घेऊन असाल, तेव्हा तो अनुभव आपल्या खाडीपुरता होता हे तुम्हाला वेळेत कळायला हवं. अभ्यासाचा खरा उपयोग मला तिथं दिसतो.

आता त्या दोर ओढण्याच्या कमीपणाबद्दल. इथं मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. कमीपणा नेमका कुणाला वाटतो? पत्रात तुम्ही "घरात कुणालाच" म्हणता, पण तुमचे वडील कधीतरी कुणाच्या तरी बोटीवर पोऱ्या म्हणूनच चढले असणार. भाकऱ्या थापल्या असतील, बोटीतलं पाणी उपसलं असेल. मग कमीपणा पदवीला वाटतो का? कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्याआधी ते नौदलात अधिकारी होते, तरीही गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात त्यांची बोट म्हादई बांधली जात असताना तिच्या कामात ते बुडालेले होते. समुद्रात एकटं असताना काही मोडलं तर दुरुस्तीला दुसरं कोण येणार होतं? एक हंगाम दुसऱ्याच्या लाँचवर दोर ओढलेल्या माणसाला पुढं स्वतःच्या खलाशाचा दोर कुठं अडकणार आहे ते आधीच दिसतं. ज्यानं ओढला नाही, त्याच्या खलाशाचं बोट कधीतरी दोर आणि खुंटीच्या मध्ये सापडतं.

पगाराचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. खलाशी म्हणून पनवेलच्या नोकरीइतकं बहुधा मिळणार नाही, आणि लग्न तोंडावर आहे. म्हणून लगेच राजीनामा द्या असं मी सांगणार नाही. आधी होणाऱ्या पत्नीबरोबर बसून हिशोब मांडा: जो पाऊण लाख एजंटाला द्यायला तयार होता, तो किती महिन्यांची पगाराची तूट भरून काढतो? तिनं तुम्हाला खोट्या कागदापासून अडवलं आहे. खऱ्या कागदासाठी लागणाऱ्या दोन-तीन ओढगस्तीच्या वर्षांना तिची तयारी आहे का, हे तिला सरळ विचारा. तुमच्या पत्राला जे उत्तर हवं आहे त्यातलं अर्धं तिच्याकडं आहे, असं मला वाटतं.

काम धरताना मालक बघू नका, मास्टर बघा. काही मास्टर सुकाणूला कुणाला हात लावू देत नाहीत. तिथं तुम्ही तीन वर्षं तिकिटं फाडाल. मोकळ्या पाण्यात "धर जरा" म्हणणारा, जेटीला लावताना शेजारी उभं करून बोलत बोलत लावणारा मास्टर मिळाला, तर हजार रुपये कमी मिळाले तरी तिथं जा. नाव हजेरीपटावर आहे ना, हे पहिल्याच महिन्यात बघा. नोकरी सोडताना मिळणाऱ्या पत्रात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, लांबी आणि इंजिनाची ताकद, तुमचं काम, आणि तारखा असायला हव्यात. नुसतं "चांगलं काम केलं" या पत्राचा उपयोग शून्य. आणि रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा: कुठून कुठं, वारा कसा, भरती की ओहोटी, सुकाणू किती वेळ हातात होतं, काय चुकलं. परीक्षकाला ती वही लागेलच असं नाही. तुम्हाला लागेल.

घरच्या बोटीचंही सोडू नका. सुट्टीच्या दिवशी वडिलांना सांगा, की आज निघण्यापासून परत येईपर्यंत बोट तुमची, त्यांनी फक्त धोका असेल तेव्हाच तोंड उघडायचं. तांडेलाला गप्प बसणं किती जड जातं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी प्रयत्न करा. परत फिरायचं की नाही हे एकदा तरी तुम्ही ठरवा, आणि डिझेलचा तोटा तुमच्या खिशातून भरा.

तुमच्यासारखेच प्रश्न इतरांनी वेगवेगळ्या वयात विचारले आहेत, म्हणून दोन-चार वाटा सांगून ठेवतो. घरात दहावी झालेला धाकटा भाऊ किंवा बहीण असेल आणि गणित-विज्ञान बरं असेल, तर कोचीला मुख्यालय असलेल्या सिफनेट या केंद्र सरकारच्या संस्थेचा मासेमारी जहाजावरच्या नौकानयनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बघा. चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही केंद्रं आहेत. त्याला वयाची अट असते, म्हणून उशीर करू नका. मच्छीमार तरुणांसाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, नौकानयन आणि डिझेल इंजिन दोन्हींचं. वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी अशा ठिकाणी ते चालतं, फार शिक्षण लागत नाही, पण पोहता यायला हवं. नदीतल्या जहाजांवर जायचं असेल तर पाटण्याला राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था आहे. लहान स्पीडबोट किंवा जेट स्की चालवून पर्यटनात उतरायचं असेल, तर गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे छोटे अभ्यासक्रम आहेत. ते चांगले आहेत, फक्त त्या प्रमाणपत्रावर चाळीस माणसांची लाँच चालवता येते असा समज करून घेऊ नका. आणि ज्यांच्याकडं पैसा आहे, बोट घ्यायची आहे, पण समुद्राशी ओळख नाही, त्यांनी परवानाधारक मास्टर चांगल्या पगारावर ठेवावा आणि दोन वर्षं त्याचं ऐकावं. "मालक म्हणतोय निघ" हे वाक्य त्या दोन वर्षांत एकदाही उच्चारायचं नाही.

तुमचं पहिलं काम मात्र या आठवड्यात होण्यासारखं आहे. घरातले कागद गोळा करा: बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, तुमचं मच्छीमार ओळखपत्र असेल तर ते, मच्छीमार सोसायटीकडच्या डिझेलच्या नोंदी, समुद्रावर जाताना दिलेल्या खलाशांच्या याद्यांमध्ये तुमचं नाव कुठं सापडतं का ते. सोसायटीच्या सचिवाला चहा पाजावा लागेल, जुनी रजिस्टरं काढायला त्याला कंटाळा असतो. मग तुमच्या भागातल्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याच्या कार्यालयात साधा अर्ज द्या: माझी मासेमारी बोटीवरची एवढी सेवा आहे, ही कागदपत्रं जोडली आहेत, सारंग परीक्षेसाठी यातली किती ग्राह्य धरली जाईल आणि उरलेली कोणत्या प्रकारच्या जलयानावर करावी लागेल, हे लेखी कळवावं. तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. बाहेर उभा असलेला एजंट "साहेब असं काही लिहून देत नाहीत" म्हणेल. त्याचा धंदाच त्यावर चालतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून माहिती अधिकारात विचारा.